राजाचं प्यादं दोन घरं पुढे

रविवारची दुपार. रामदासपेठेत, दगडी पार्कजवळच्या एका फ्लॅटच्या गॅलरीत माझी नऊ वर्षांची भाची गाल फुगवून बसली होती. सकाळी बुद्धिबळाच्या स्पर्धेत तिचा डाव अर्ध्या तासात आटोपला होता. हातात खेळ्या लिहायचा कागद होता. पाचव्या खेळीपर्यंत अक्षर नीटस. सहाव्या खेळीपाशी पेन इतकं दाबलेलं, की कागदाच्या मागच्या बाजूला अक्षरं उठली होती.

"मामा, मी एकही मोहरा फुकट दिला नाही. क्लासमध्ये शिकवलं तसंच खेळली. तरी माझा राजा पटाच्या मधोमध जाऊन उभा राहिला, अन् त्याचे सगळे मोहरे माझ्या राजाच्या मागे लागून राहिले होते. असं कसं झालं?"

हा प्रश्न आज नागपुरातल्या पुष्कळ घरांत विचारला जात असेल. रौनक साधवानी २०१९ मध्ये, अवघ्या तेराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाला. संकल्प गुप्ता २०२१ मध्ये झाला. आणि २८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातल्या बातुमी शहरात दिव्या देशमुखने कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये हरवून महिला विश्वचषक जिंकला आणि ती भारताची ८८वी ग्रँडमास्टर झाली. तेव्हापासून या शहरात मुलांच्या हाती पट सहज येतो. पट आला की पहिला धडा ठरलेला: राजापुढचं प्यादं दोन घरं पुढे. पण ते का ढकलायचं, हे किती मुलांना सांगितलं जातं?

भाचीच्या प्रश्नाचं उत्तर त्या 'का'मध्येच आहे. म्हणून पट मांडू या आणि तिचाच डाव एकेक खेळी करत पाहू या. भाची काळ्या मोहऱ्यांनी खेळत होती.

आधी घरांचे पत्ते

पटावर ६४ घरं. उभ्या आठ रांगांना पांढऱ्याच्या डाव्या हाताकडून ए, बी, सी, डी, ई, एफ, जी, एच अशी नावं. आडव्या रांगांना पांढऱ्याच्या बाजूने १ ते ८ आकडे. रांगेचं नाव आणि आकडा जोडला की घराचा पत्ता मिळतो. पांढरा राजा ई१ वर बसतो, काळा ई८ वर. राजापुढचं पांढरं प्यादं ई२ वर असतं. ते दोन घरं पुढे गेलं की ई४ वर येतं. एवढं कळलं तरी पुढचं सगळं समजेल.

एका प्याद्याने काय उघडतं

डाव सुरू होताना पांढऱ्यापुढे २० खेळ्या असतात: १६ प्याद्यांच्या आणि ४ घोड्यांच्या. उंट, हत्ती, वजीर आणि राजा सगळे प्याद्यांच्या भिंतीमागे कोंडलेले. कुणाला तरी दार उघडावं लागतं.

ई४ या खेळीने एकाच वेळी दोन दारं उघडतात. राजाशेजारच्या उंटाला एकही घर मोकळं नव्हतं, त्याला आता पाच घरं मिळतात. वजिराला एकही नव्हतं, त्याला चार मिळतात. शिवाय ते प्यादं मध्यावर जाऊन बसतं आणि डी५, एफ५ या दोन घरांवर पहारा देतं. तिथे आता शत्रूचा मोहरा बिनधास्त येऊन बसू शकत नाही.

काळा बहुतेक वेळा ई५ खेळून तसंच उत्तर देतो. दोन्ही राजांची प्यादी समोरासमोर ठाकतात, दोघांचीही पुढे जायची वाट बंद. मधलं घर कुणाच्या ताब्यात राहणार, हा वाद इथून सुरू होतो.

बर्डीवर राहणारा घोडा

मध्य इतका मोलाचा का? नागपूरकराला हे सांगायला वेळ लागू नये. मेट्रोच्या दोन्ही मार्गिका सीताबर्डीला एकमेकींना छेदतात. बर्डीवर राहणारा माणूस चारी दिशांना सारख्याच सोयीने जाऊ शकतो. शहराच्या टोकाला राहणाऱ्याला आधी बर्डीपर्यंत यावं लागतं.

घोड्याचंही तसंच आहे. पटाच्या मध्यावर असला तर तो आठ घरांवर झेप घेऊ शकतो. कडेला असला तर जास्तीत जास्त चार. कोपऱ्यात फक्त दोन. मोहरा तोच, ताकद मात्र जागेवर ठरते.

म्हणून पांढऱ्याची दुसरी खेळी घोडा एफ३. हा घोडा मध्याकडे तोंड करून बसतो आणि आल्याआल्या काळ्याच्या ई५ प्याद्यावर हल्ला करतो. काळा घोडा सी६ वर आणून त्या प्याद्याला पाठबळ देतो. दोघांचा एकेक घोडा कामाला लागला.

तिसऱ्या खेळीत पांढरा मघाच्या उघड्या दारातून उंट बाहेर काढतो आणि सी४ वर ठेवतो. या मांडणीला इटालियन ओपनिंग म्हणतात. सोळाव्या शतकात डमियानो आणि पोलेरिओ यांच्यासारख्या खेळाडूंनी ती घडवली. डमियानो यांचं पुस्तक रोममध्ये १५१२ साली छापलं गेलं. म्हणजे रामदासपेठेतली मुलगी रविवारी जी मांडणी करते, ती पाचशे वर्षं तपासली गेली आहे.

एफ७: एकच राखणदार असलेलं दार

उंट सी४ वरच का? त्याच्या तिरक्या रेषेवर बोट ठेवून पुढे सरका: डी५, ई६ आणि मग एफ७. काळ्याच्या छावणीतलं सगळ्यात कच्चं घर हेच.

भाचीला मी म्हटलं, "तुझ्या आठही प्याद्यांना कोण कोण सांभाळतंय, ते मोज." तिने बोटं लावून मोजलं. राजापुढच्या प्याद्याला सुरुवातीला चार राखणदार: राजा, वजीर, उंट आणि घोडा. वजिरापुढच्यालाही चार. हत्तीपुढच्याला हत्ती. एफ७ वर आली आणि थांबली. तिथे एकच राखणदार, तोही खुद्द राजा.

वाड्याच्या पुढच्या दारावर चार दरवान, पण परसदाराची कडी रोज रात्री मालकाला स्वतः लावावी लागते, तशी ही स्थिती आहे. राजा राखणदार म्हणून अगदी दुबळा, कारण ज्या मोहऱ्याच्या पाठीशी दुसरा मोहरा उभा आहे, त्याला राजा मारूच शकत नाही. नवशिक्यांना चार खेळ्यांत मात बसते ती इथेच: सी४ वर उंट, एच५ वर वजीर, आणि वजीर एफ७ चं प्यादं मारून थेट राजापुढे. मागे उंट असल्यामुळे राजाला वजिराला हात लावता येत नाही.

एक उघडलं की एक झाकतं

आता भाचीची तिसरी खेळी. तिने दुसरा घोडा एफ६ वर आणला. खेळी उत्तम आहे. तिला 'टू नाइट्स डिफेन्स', म्हणजे दोन घोड्यांचा बचाव म्हणतात. घोडा मध्याकडे येतो, पांढऱ्याच्या ई४ प्याद्यावर हल्ला करतो. पण त्याच खेळीने एक खिडकी बंद होते.

काळ्याचा वजीर डी८ वर आहे. ई५ खेळल्यावर त्याच्यापुढे ई७, एफ६, जी५, एच४ अशी तिरकी वाट मोकळी झाली होती. म्हणजे जी५ या घरावर त्याची नजर होती. घोडा एफ६ वर येताच ती नजर अडली. पांढऱ्याने हे हेरलं आणि चौथ्या खेळीत आपला घोडा जी५ वर उडवला. आता एफ७ वर दोन हल्लेखोर आहेत, उंट आणि घोडा. राखणदार मात्र अजून एकटा राजा.

काळ्याने तिसऱ्या खेळीत घोड्याऐवजी उंट सी५ वर काढला असता, तर हीच उडी पांढऱ्याच्या अंगाशी आली असती. वजिराने जी५ वरचा घोडा फुकटात उचलला असता.

ओपनिंग समजणं म्हणजे मुख्यतः हेच. प्रत्येक खेळीला दोन प्रश्न विचारायचे: हिने काय उघडलं आणि काय झाकलं? पाठ केलेल्या खेळ्या विसरता येतात, पण या दोन प्रश्नांची सवय लागली की ती पटावर बसल्याबसल्या आठवते.

राजा रस्त्यावर कसा येतो

चौथ्या खेळीला भाचीने वजिरापुढचं प्यादं डी५ वर ढकललं. अगदी बरोबर. उंटाच्या रस्त्यात आडवा धोंडा टाकला. पांढऱ्याने पाचव्या खेळीत ई४ च्या प्याद्याने तो धोंडा मारला. आणि इथे भाचीने जगातली सगळ्यात स्वाभाविक वाटणारी खेळी केली: एफ६ च्या घोड्याने ते प्यादं परत मारलं. गेलं ते वसूल केलं. डाव बिघडला तो याच क्षणी.

पांढऱ्याने सहाव्या खेळीत जी५ चा घोडा थेट एफ७ वर घातला. तिथून तो काळ्याच्या वजिरावर आणि हत्तीवर एकदम हल्ला करतो. म्हणून राजाला तो मारावाच लागतो. मारला. गुणांच्या हिशेबाने काळा फायद्यात आहे: घोडा तीन गुणांचा, प्यादं एका गुणाचं, आणि पांढऱ्याने घोडा देऊन एक प्यादं मिळवलं.

सातव्या खेळीत पांढरा वजीर एफ३ वर येतो आणि राजाला शह देतो. आता डी५ वरच्या काळ्या घोड्याकडे पाहा. तो पांढरा उंट आणि काळा राजा यांच्या बरोबर मध्ये अडकला आहे. हलला तर राजा उंटाच्या मारात येतो, म्हणून त्याला हलताच येत नाही. याला बुद्धिबळात 'पिन' म्हणतात. मोहरा जागच्या जागी खिळला जातो. त्याच घोड्यावर वजिराचाही डोळा आहे. हल्लेखोर दोन, राखणदार एकटा काळा वजीर. घोडा वाचवायचा तर राजाने स्वतः पुढे होऊन ई६ वर उभं राहायचं. झाले दोन. लगेच पांढरा दुसरा घोडा सी३ वर आणतो, हल्लेखोर तीन होतात. काळ्याला तिसरा राखणदार शोधावा लागतो.

आता सगळा पट पाहा. आठव्या खेळीलाच काळा राजा भर चौकात, त्याचे हत्ती आणि उंट अजून घरात, आणि उरलेले मोहरे एका खिळलेल्या घोड्याच्या सेवेत. या हल्ल्याचं इटालियन नाव 'फेगातेल्लो', इंग्रजी नाव 'फ्राइड लिव्हर', म्हणजे तळलेली कलेजी. संगणकाच्या मदतीने काळ्याला चिवटपणे लढता येतं. पण घड्याळ चालू असताना नऊ वर्षांच्या मुलीला ते जमलं नाही, यात तिचा दोष नाही.

प्यादं द्या, वेळ घ्या

मग पाचव्या खेळीला करायचं काय? मी पट मागे नेला आणि विचारलं, "डी५ वर आत्ता कोण बसलंय?"

"त्याचं प्यादं."

"आणि त्याच्या उंटाचा रस्ता कुठून जातो?"

ती क्षणभर पाहत राहिली. मग हसली. "त्याने आपल्याच उंटाचा रस्ता बंद करून ठेवला!"

हेच ते मर्म. पांढऱ्याच्या रस्त्यातला अडथळा पांढऱ्यानेच उभा केला असताना तो हलवायची घाई काळ्याने का करावी? म्हणून जाणकार इथे सी६ चा घोडा ए५ वर नेतात आणि उंटावरच हल्ला करतात. घोडा कडेला नेऊ नये, असं आपण मघाशीच शिकलो. पण नियम हा कारणाचा सारांश असतो. कारण बदललं की नियमही बाजूला ठेवावा लागतो. इथे कडेचा घोडा पटावरच्या सगळ्यात धोकादायक मोहऱ्याला पळवून लावतो.

पुढची वाट साधारण अशी जाते: उंट बी५ वर येऊन शह देतो, काळा सी६ वर प्यादं आडवं घालतो, प्याद्यांची मारामारी होते, उंटावर पुन्हा हल्ला झाल्याने तो ई२ वर माघारी जातो, काळा एच६ खेळून जी५ च्या घोड्यालाही हाकलतो, आणि तो एफ३ वर परतला की ई४ ढकलून पुन्हा उठवतो. हिशेब करा. काळ्याचं एक प्यादं कमी आहे. पण पांढऱ्याचा उंट तीनदा आणि घोडा चारदा हलला आहे, बाकीचं सैन्य जागचं हललेलं नाही.

गाडी गाठायची असते तेव्हा आपण बस सोडून ऑटो करतो. पैसे जास्त जातात, पण स्टेशनवर वेळेत पोचतो. काळ्याने इथे तेच केलं: प्यादं मोजून वेळ विकत घेतला. हा सौदा कुणाच्या पथ्यावर पडतो, यावर दीडशे वर्षं वाद आहे. १८९०-९१ मध्ये विश्वविजेते स्टाइनिट्झ आणि रशियाचे चिगोरिन तारेने खेळ्या पाठवून दोन डाव खेळले. त्यातल्या एका डावात नेमकी हीच वाट निवडून स्टाइनिट्झ यांनी घोडा एफ३ ऐवजी कडेला एच३ वर नेला. चिगोरिन यांनी दोन्ही डाव जिंकले. पुढे १९६३ मध्ये बॉबी फिशर यांनी घोड्याची तीच माघार पुन्हा वापरली आणि डाव जिंकला.

आपला जुना डाव आणि ही उडी

एक गोष्ट आपण सहज विसरतो. आपल्या जुन्या देशी बुद्धिबळात प्यादं पहिल्या खेळीलाही सर्रास एकच घर चालायचं. दोन घरांची उडी, लांब पल्ल्याचा वजीर आणि उंट ही युरोपात झालेली वाढ. मुंबईत १८१४ साली त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचं बुद्धिबळावरचं पुस्तक संस्कृतावरून इंग्रजीत छापलं गेलं. युरोपीय पद्धतीला जुळवून घेतलेलं, असं त्याच्या नावातच नमूद आहे. दोन पद्धती वेगळ्या असल्याची ही छापील साक्ष.

हा फरक किती मोठा होता, ते पंजाबच्या मीर सुलतान खान यांच्या खेळात दिसतं. ते देशी नियमांवर वाढले आणि तरीही १९२९, १९३२ आणि १९३३ असे तीनदा ब्रिटिश अजिंक्यवीर झाले. डावाच्या मध्यात आणि शेवटी ते भल्याभल्यांना भारी पडत. सुरुवातीच्या खेळ्यांत मात्र चाचपडत. देशी डावात सुरुवात सावकाश व्हायची, सैन्य मांडायला निवांत वेळ मिळायचा. दोन घरांच्या उडीने तो निवांतपणा संपवला. समोरासमोरची गाठ दुसऱ्या-तिसऱ्या खेळीलाच पडू लागली आणि ओपनिंगचं वेगळं शास्त्र उभं राहिलं.

आजचे मोठे खेळाडू

बराच काळ इटालियनला मुलांची ओपनिंग मानून बाजूला ठेवलं गेलं. उंट एक घर आणखी पुढे, बी५ वर नेणारी स्पॅनिश ओपनिंग अधिक मानाची होती. २००० साली लंडनमध्ये क्रामनिक यांनी तिच्याविरुद्ध बर्लिन बचाव वापरला आणि त्या अख्ख्या सामन्यात कास्पारोव्ह यांना एकही डाव जिंकता आला नाही. त्यानंतर ती वाट कठीण झाली आणि दिग्गज हळूहळू जुन्या इटालियनकडे वळले. पण त्यांची चाल संथ असते. चौथ्या खेळीला घोडा जी५ वर न उडवता ते डी३ खेळून ई४ ला आधार देतात, कॅसलिंग करून राजा कोपऱ्याकडे नेतात आणि मध्यावर सावकाश दाब वाढवतात.

कॅसलिंगचा फायदा आता चटकन कळेल. काळ्याने राजाच्या बाजूला कॅसलिंग केलं की हत्ती एफ८ वर येतो आणि एफ७ ला दुसरा राखणदार मिळतो. परसदाराला अखेर पहारेकरी लाभतो.

थोडक्यात

• ई४ ने उंट आणि वजीर यांची दारं उघडतात, आणि मध्यावर पहारा बसतो.
• मोहऱ्याची ताकद जागेवर ठरते: घोड्याला मध्यावर आठ घरं, कोपऱ्यात दोन.
• एफ७ ला सुरुवातीला फक्त राजा सांभाळतो, म्हणून हल्ला तिथे येतो.
• घोडा एफ६ वर आला की वजिराची जी५ वरची नजर अडते. घोड्याची उडी तेव्हाच शक्य होते.
• पांढऱ्याने डी५ वर मारलं की लगेच घोड्याने परत मारू नये. घोडा ए५ वर नेऊन उंटाला उठवावं.
• वेळ मिळत असेल तर एक प्यादं देणं परवडतं.

पालकांना एक विनंती

त्या संध्याकाळी भाचीने पट पुन्हा मांडला आणि आजोबांना समोर बसवलं. प्रत्येक खेळीनंतर ती त्यांना अडवत होती: "आबा, थांबा. यानं काय उघडलं? काय झाकलं?" हरलेला डाव तिला पूर्ण कळला होता, कारण तिला आता उत्तरांपेक्षा प्रश्न पाठ झाले होते.

आपल्या मुलांना क्लासला जरूर पाठवा. पण घरी आल्यावर "जिंकलीस का?" असं आधी विचारू नका. तिचा खेळ्यांचा कागद घ्या, पट मांडा, तिसऱ्या खेळीपाशी थांबा आणि विचारा: ही खेळी का केलीस? तुम्हाला बुद्धिबळ येत नसलं तरी चालेल. उत्तर शोधताना ती जे बोलेल, तेच तिचं शिकणं आहे.